‘व्हीटी’च्या वादात हरवलेला प्रश्न : ड्रोनचे राष्ट्र कोणते?

१/
दर काही महिन्यांनी एक संदेश समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागतो : भारतीय विमानांवरील ‘व्हीटी’ ही अक्षरे म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, गुलामगिरीची खूण, ती पुसून टाका. हा विषय संसदेत निघाला, न्यायालयाच्या दारापर्यंतही गेला. या धाग्यात दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली अशी की ही व्युत्पत्ती खोटी आहे. दुसरी अधिक महत्त्वाची : अशी दोन अक्षरे नसली तर काय होते, हे पाहायचे असेल तर आपल्या ड्रोनकडे पाहावे. त्या प्रश्नावर मात्र कोणी संतापत नाही.

२/
आधी अक्षरांचा उगम. बिनतारी संदेशयंत्रे जहाजांवर आली, तेव्हा कोणते जहाज बोलते आहे हे ओळखण्यासाठी प्रत्येक राष्ट्राला आद्याक्षरे वाटून देण्याची गरज भासली. १९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओतार परिषदेने ही वाटणी नव्याने केली. ‘व्ही’ने सुरू होणारे गट त्या वेळच्या ब्रिटिश साम्राज्यातील निरनिराळ्या प्रदेशांकडे गेले. त्यांतील व्हीटी ते व्हीडब्ल्यू हा गट हिंदुस्थानच्या वाट्याला आला. विमानांची चिन्हेही याच वाटणीतून घेतली गेली.

३/
‘व्ही’ म्हणजे व्हाइसरॉय असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या विमानांवर आजही ‘व्हीएच’ का असते? ऑस्ट्रेलियात व्हाइसरॉय कधी होता? न्यूफाउंडलंडच्या विमानांवर ‘व्हीओ’ होते. हाँगकाँगच्या विमानांवर १९९७पर्यंत ‘व्हीआर-एच’ होते. भारतातील हौशी रेडिओचालकांची संकेतनावे ‘व्हीयू’ने सुरू होतात, त्याचा विस्तार हे लोक काय करणार? वर्णमालेच्या क्रमाने पाडलेल्या गटांना मागाहून अर्थ चिकटवणे म्हणजे इतिहास नव्हे. मुंबईकराला ‘व्हीटी’ म्हटले की बोरीबंदर आठवते. हेही तितकेच निरुपद्रवी आणि तितकेच असंबद्ध आहे.

४/
गंमत अशी की खरी साम्राज्याची खूण त्याआधी होती. १९१९च्या व्यवस्थेत ब्रिटिश साम्राज्यातील सर्वच विमानांवर ‘जी’ हे अक्षर असे, आणि हिंदुस्थानातील विमानांची चिन्हे ‘जी-आय’ने सुरू होत. १९२९पासून ‘व्हीटी’ आले, म्हणजे ब्रिटनच्या ‘जी’पासून हिंदुस्थानची ओळख वेगळी झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानावर ‘व्हीटी-एडीएन’ असे लिहिलेले होते. जी अक्षरे पुसायची म्हणता, ती भारतीय विमानसेवेच्या पहिल्या पानावर आहेत.

५/
आता मूळ प्रश्न. विमानावर राष्ट्राचे चिन्ह लावतात ते कशासाठी? अभिमान मिरवायला ध्वज पुरेसा असतो. चिन्हाचे काम निराळे : परक्या आकाशात आलेल्या यंत्राबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे ते सांगते. यंत्र कोठे नोंदले आहे, त्याची तपासणी कोणी केली, अपघात झाल्यास कोणत्या सरकारशी बोलायचे, या सर्व प्रश्नांचे उत्तर त्या एक-दोन अक्षरांत असते. हे उत्तर मिळवायला युरोपला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ती वर्षे कशी गेली ते पाहू.

६/
१७८३मध्ये फ्रान्समध्ये माणूस फुग्यातून आकाशात गेला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १७८४मध्ये, पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने परवानगीशिवाय फुगे उडवण्यास मनाई केली. हवाई कायद्याचा हा आरंभ मानला जातो. लक्षात घ्या, ती फक्त एका शहराची परवानगी होती. ७ जानेवारी १७८५ रोजी ब्लांशार आणि जेफ्रीज हे दोघे डोव्हरहून निघून फुग्यातून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समध्ये उतरले. यंत्राने सीमा ओलांडली; परवानगी मात्र शहराच्या वेशीवरच राहिली. आजच्या ड्रोनची अवस्था या दोन तारखांच्या मधली आहे.

७/
मानवरहित यंत्रही नवे नाही. १८४९ साली व्हेनिसला वेढा घालणाऱ्या ऑस्ट्रियाने बॉम्ब बांधलेले, माणूस नसलेले फुगे शहरावर सोडले. वारा फिरला आणि काही फुगे सोडणाऱ्यांच्याच दिशेने परतले. १८७०मध्ये प्रशियाने पॅरिस वेढले, तेव्हा टपाल आणि माणसे घेऊन फुगे बाहेर पडू लागले. त्यांतील ‘व्हिल दॉर्लेआं’ हा फुगा वाऱ्याने भरकटत थेट नॉर्वेत जाऊन पडला. आकाशातून आलेले यंत्र कोणत्या देशाचे आणि कोणत्या हेतूचे, हे खालच्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता. बिस्मार्कने तर पकडलेल्या फुगेवाल्यांना हेर समजण्याची धमकी दिली होती.

८/
जमिनीवरचा प्रश्न मात्र लवकर सुटला. मोटारगाड्या सीमा ओलांडू लागल्या, तेव्हा ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे मोटारवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रवासी गाडीसाठी एका देशाने दिलेला दाखला दुसऱ्याने मानायचा आणि गाडीच्या मागे राष्ट्राचे अक्षर असलेली लंबवर्तुळाकार पाटी लावायची, असे ठरले. फ्रान्सला ‘एफ’, जर्मनीला ‘डी’. परदेशी गाडीला प्रत्येक सीमेवर नव्याने परीक्षा द्यावी लागू नये, एवढाच यातला व्यवहार. मोटारी तेव्हा थोड्या होत्या, तरीही राष्ट्रांना हे सुचले. ड्रोन आज लाखोंनी आहेत.

९/
त्याच १९०९च्या २५ जुलैला ब्लेरियोने विमानातून खाडी ओलांडली होती. १९०८मध्ये जर्मन फुगे वारंवार फ्रान्समध्ये उतरले होते आणि त्यांतील अनेक प्रवासी लष्करी अधिकारी होते. फ्रान्सने १९१०मध्ये पॅरिसला परिषद बोलावली. मसुदा बराचसा तयार झाला. विमानाचे राष्ट्रीयत्व आणि नोंदणी हे विषयही त्यात होते. तरीही परिषद फसली. परक्या विमानांना देशी विमानांइतकीच मोकळीक द्यावी का, या प्रश्नावर गाडे अडले. आकाश सर्वांचे की खालच्या देशाचे, हा वाद सुटेना.

१०/
मग ३ एप्रिल १९१३ उजाडला. जर्मन सैन्याचे ‘झेड ४’ हे झेपेलिन ढगांत वाट चुकले आणि फ्रान्समधील ल्युनेव्हिल गावच्या कवायतीच्या मैदानावर उतरले. शत्रूचे अत्याधुनिक हवाई जहाज अंगणात येऊन बसले म्हटल्यावर गावात काय उडाली असेल याची कल्पना करा. फ्रेंचांनी ते नीट तपासले आणि दुसऱ्या दिवशी जाऊ दिले. युद्धाचा भडका उडण्याजोगा प्रसंग शहाणपणाने टळला. पण शहाणपण दर वेळी हजर असेलच याची हमी कोण देणार?

११/
दोन्ही सरकारांना हे कळले. २६ जुलै १९१३ रोजी फ्रान्स आणि जर्मनी यांनी एकमेकांच्या विमानांविषयी पत्रांची देवघेव करून नियम ठरवले : कोणत्या विमानाने परवानगी घ्यावी, कोणती कागदपत्रे बाळगावीत, चुकून उतरल्यास काय करावे. हवाई वाहतुकीवरील पहिला द्विपक्षीय करार म्हणून याचा उल्लेख होतो. वर्षभरात हीच दोन राष्ट्रे एकमेकांवर तुटून पडली, हे खरे. तरी मुद्दा उरतोच : कट्टर वैरीसुद्धा ओळखपत्राच्या प्रश्नावर एकत्र बसू शकतात. ‘शेजाऱ्याशी वैर आहे, म्हणून करार अशक्य’ असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख टिपून ठेवावी.

१२/
महायुद्धानंतर १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस करार झाला. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व, हे त्याने मान्य केले. त्याबरोबरच ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत विमान आहे, त्या राष्ट्राचे त्याला राष्ट्रीयत्व, असेही ठरवले. एका विमानाची नोंद दोन देशांत चालणार नाही. फ्रान्सला ‘एफ’, इटलीला ‘आय’, अमेरिकेला ‘एन’, जपानला ‘जे’, ब्रिटिश साम्राज्याला ‘जी’. सार्वभौमत्व आणि परस्पर ओळख ही जुळी भावंडे एकाच कागदावर जन्मली. हे वाक्य पुढे लागणार आहे.

१३/
वैमानिकाशिवाय उडणाऱ्या यंत्रांचे काय? पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनीही तसे प्रयोग केले होते; १९१८चा अमेरिकेचा ‘केटरिंग बग’ प्रसिद्ध आहे. म्हणून १५ जून १९२९च्या दुरुस्तीने पॅरिस करारात एक वाक्य आले : वैमानिकाविना उडू शकणारे विमान दुसऱ्या राष्ट्राच्या प्रदेशावरून विशेष परवानगीखेरीज तसे उडवता येणार नाही. ड्रोन ही एकविसाव्या शतकाची अपूर्वाई मानणाऱ्यांनी हे साल पाहावे. टाटांचे विमान जुहूला उतरण्याच्या तीन वर्षे आधी ड्रोनवरचा आंतरराष्ट्रीय नियम लिहिला गेला होता.

१४/
७ डिसेंबर १९४४च्या शिकागो कराराने तेच तत्त्व कलम ८ मध्ये घेतले. कलम १७ ते २० मध्ये राष्ट्रीयत्व, एकच नोंदणी आणि चिन्हे यांचे नियम आहेत. भारत पहिल्या दिवसापासून या कराराचा सहीदार आहे. कलम ८ चा परिणाम नीट समजून घ्या. वैमानिक असलेले परदेशी विमान ठरलेल्या नियमांनी येऊ शकते. वैमानिक नसलेले विमान मात्र स्वदेशात कितीही रीतसर नोंदलेले असो, त्याला प्रत्येक सीमेवर वेगळी, विशेष परवानगी लागते. नोंदणी म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे.

१५/
यात गैर काही नाही. सावध राहण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण विशेष परवानगी द्यायची, तर समोरचे यंत्र कोणाचे, कोणी तपासले, कोणत्या वहीत नोंदले, हे आधी कळले पाहिजे. म्हणजे परवानगीच्या आधी ओळख हवी. आणि इथेच आजची राष्ट्रे १९१९च्या मागे गेली आहेत. लहान ड्रोनसाठी त्यांनी नव्या, सोप्या, स्वस्त नोंदवह्या उघडल्या. त्यांतून राष्ट्रीयत्व हा भागच गाळला. नोंद आहे, पण ती घराच्या उंबरठ्यापुरती.

१६/
अमेरिकेचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. डिसेंबर २०१५पासून तेथे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी संगणकावर काही मिनिटांत होऊ लागली. मे २०१७मध्ये न्यायालयाने हौशी उड्डाणांसाठीची सक्ती रद्द केली. डिसेंबरमध्ये संसदेने ती परत आणली. या सोप्या नोंदणीत विमानांवरचे ‘एन’ हे चिन्ह मिळत नाही. नियमच सांगतो : अमेरिकेच्या आकाशाबाहेर ड्रोन उडवायचा असेल, तर या वहीत नव्हे, मोठ्या विमानांच्या जुन्या वहीत नोंद करा. एका देशात दोन वह्या : एक घरची, एक जगाची.

१७/
परदेशी माणसाने अमेरिकेत ड्रोन नोंदवला तर? त्याला मिळणारा कागद हा मालकी मान्य केल्याचा दाखला मानला जातो. त्याने ड्रोनला अमेरिकेचे राष्ट्रीयत्व मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे प्रामाणिक आहे. पण परिणाम पाहा : तो ड्रोन मायदेशी घरगुती वहीत, इथे मालकीच्या दाखल्यापुरता, आणि राष्ट्र कोठलेच नाही. १९१९च्या लोकांनी ज्या अनाथ यंत्राची भीती बाळगून चिन्हे शोधली, ते यंत्र आपण पुन्हा निर्माण केले आहे, आणि तेही सरकारी शिक्क्यासह.

१८/
युरोपीय संघाने निराळी वाट धरली. ३१ डिसेंबर २०२०पासून लागू झालेल्या नियमांनुसार सामान्य वापरात ड्रोनऐवजी तो चालवणाऱ्याची नोंद होते. एका सदस्य देशातील नोंद सर्व सदस्य देशांत चालते, आणि क्रमांकाच्या आरंभी देशाची तीन अक्षरे असतात. फिनलंडचा असेल तर ‘एफआयएन’. विमानाच्या अंगावरचे ते जुने राष्ट्रचिन्हच येथे नव्या वेशात परत आले आहे. जर्मनीत शिकणारी पुण्याची मुलगी एकाच नोंदीवर पोलंडमध्ये ड्रोन उडवू शकते; स्थानिक नियम पाळले म्हणजे झाले. तिच्या भारतीय नोंदणीला मात्र तेथे काही किंमत नाही.

१९/
याच चौकटीतून बाहेर पडल्यावर काय होते ते ब्रिटन दाखवतो. ब्रिटनची नोंद संघात चालत नाही, संघाची ब्रिटनमध्ये चालत नाही. डोव्हरच्या माणसाला कॅलेच्या किनाऱ्यावर ड्रोन उडवायचा तर नवी नोंद करावी लागते. ब्लांशार आणि जेफ्रीज यांनी जी खाडी १७८५मध्ये ओलांडली, ब्लेरियोने जी १९०९मध्ये ओलांडली, तीच ही खाडी. यंत्र सुधारले, तंत्र खिशात मावू लागले, ओळखीचा कागद मात्र पाण्याच्या काठावर थांबला.

२०/
आता आपल्या घरात पाहू. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी जुने किचकट अर्ज कमी केले, ही निःसंशय चांगली गोष्ट. ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो आणि तो निर्मात्याच्या अनुक्रमांकाशी, उड्डाण-नियंत्रकाशी व दूरनियंत्रण केंद्राशी जोडलेला असतो. भारतातल्या तपासासाठी हे उत्तम. पण त्या क्रमांकावर ‘व्हीटी’ नाही. ५०० किलोपेक्षा जड मानवरहित यंत्रांचा विषय या नियमांनी १९३७च्या विमान नियमांकडे सोपवला. म्हणजे राष्ट्राची खूण जड यंत्रांच्या वाट्याला. हलक्यांना घरचे टोपणनाव.

२१/
दार आत येण्याच्या बाजूनेही बंद आहे. ९ फेब्रुवारी २०२२पासून परदेशात तयार झालेले ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांना अपवाद. देशी उद्योग उभा राहावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण उद्योग उभा राहिला की तो माल बाहेर विकणार. बाहेर विकलेले आणि बाहेर नेलेले भारतीय ड्रोन परक्या आकाशात कोणत्या ओळखीने उडणार? स्वदेशी यंत्र बनवायचे आणि त्याला राष्ट्राचे नाव द्यायचे नाही, हा कोणत्या जातीचा स्वदेशीवाद?

२२/
यात खरोखर पणाला काय लागले आहे? कोसी नदी पाहा. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे तिचा बांध फुटला. बांध नेपाळच्या हद्दीत, त्याच्या देखभालीची जबाबदारी करारानुसार भारताची, आणि सर्वाधिक विध्वंस बिहारमध्ये. लाखो लोक उघड्यावर आले. अशा बांधाची पाहणी ड्रोन काही तासांत करू शकतो. पण तो बिहारमधून उडून सीमा ओलांडणार असेल तर सरकारी असल्यास शिकागो कराराचे कलम ३, खासगी असल्यास कलम ८ आडवे येते. पाणी परवानगी मागत नाही. पाण्यावर नजर ठेवणारे यंत्र मागते.

२३/
२५ एप्रिल २०१५च्या नेपाळ भूकंपानंतरही हेच दिसले. परदेशी पथके आणि पत्रकार ड्रोन घेऊन पोहोचले. ढिगाऱ्यांचे, तुटलेल्या रस्त्यांचे चित्रण मोलाचे होते. पण कोण काय उडवतो याचा पत्ता नसल्याने नेपाळ सरकारने काही दिवसांतच परवानगीची अट घातली. दोष नेपाळचा नव्हे. अनोळखी यंत्रे डोक्यावर घोंघावत असताना कोणतेही सरकार तेच करील. ओळखीची व्यवस्था आधी असती, तर मदतीची यंत्रे आणि मिरवणारी यंत्रे वेगळी काढता आली असती. आपत्तीच्या दिवशी अर्ज छापायला बसणे हा नियम नव्हे, नियमाचा अभाव आहे.

२४/
आता आक्षेप. पहिला नेहमीचा : ‘पंजाबच्या सीमेवर अमली पदार्थ टाकणारे ड्रोन नोंदणी करतील का?’ नाही करणार. चोर गाडीला खोटी पाटी लावतो, म्हणून पाट्या रद्द करत नाहीत. सीमा सुरक्षा दल दर वर्षी असे कितीतरी ड्रोन हस्तगत करते. त्या जवानाच्या दृष्टीने विचार करा : आकाशात दिसणारे यंत्र ओळख सांगणारे असेल आणि दुसरे न सांगणारे असेल, तर संशय कोणावर घ्यायचा हे क्षणात ठरते. सर्वच यंत्रे मुकी असली की प्रामाणिक माणूस आणि तस्कर यांची सावली सारखीच पडते.

२५/
दुसरा आक्षेप : ‘परक्या नोंदणीला मान्यता म्हणजे सार्वभौमत्वाला तडा.’ इतिहास नेमका उलट सांगतो. १९१९च्या करारात सार्वभौमत्व आणि परस्पर ओळख एकत्रच आली. दुसऱ्याची वही मानणे म्हणजे त्याला आपले आकाश देणे नव्हे. पारपत्र दुसऱ्या देशाचे असते. प्रवेश द्यायचा की नाही हे आपणच ठरवतो. म्हणून कोणी पारपत्रच नको म्हणत नाही. डिसेंबर २०१७मध्ये सिक्कीम भागात भारताचे एक लष्करी मानवरहित विमान संपर्क तुटून चीनच्या बाजूला पडले. तेव्हा ते कोणाचे हे सांगता आले, म्हणूनच संवाद झाला. ल्युनेव्हिलचा धडा हाच होता.

२६/
तिसरा आक्षेप वजनदार आहे : ‘एका देशाची नोंद सर्वत्र चालू लागली, तर सगळे ड्रोन सर्वांत ढिल्या देशात नोंदले जातील.’ समुद्रावर हे घडले आहे. १९२०च्या दशकात अमेरिकी जहाजे दारूबंदी टाळण्यासाठी पनामाचा ध्वज लावू लागली आणि सोयीच्या ध्वजांचा बाजार उभा राहिला. पण उपायही इतिहासातच आहे. १९१९च्या पॅरिस करारात विमानाची नोंद त्या राष्ट्राच्या नागरिकांची मालकी असेल तरच होत असे. ड्रोनसाठी मालकाचे वास्तव्य किंवा व्यवसाय त्या देशात असल्याची अट घालता येते. युरोपीय संघ रहिवासाचा देश विचारतोच.

२७/
जगाला हे कळत नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१२ साली विमानचिन्हांविषयीच्या आपल्या नियमांत दूरनियंत्रित विमानांचा समावेश केला. २०१७मध्ये जागतिक ड्रोन-नोंदवहीची कल्पनाही पुढे आली. पण मोठ्या यंत्रांच्या नियमांवर काम सरकत असताना लाखो लहान ड्रोन प्रत्येक देशाच्या घरगुती वहीत अडकून आहेत. १९१० साली परिषद फसली आणि १९१३ साली झेपेलिन अंगणात उतरले. दोन्हींच्या मध्ये तीन वर्षे गेली. आपण आपल्या ल्युनेव्हिलची वाट पाहतो आहोत का?

२८/
मागणी साधी आहे. एक : भारतीय ड्रोनच्या ओळख क्रमांकापुढे राष्ट्राचे चिन्ह असावे आणि मागणाऱ्याला परदेशात चालेल असा दाखला मिळावा. दोन : नेपाळ, भूतान आणि श्रीलंका यांच्याशी नोंदवह्या परस्पर मानण्याचे करार व्हावेत, उड्डाणाची परवानगी ज्याची त्याने द्यावी. तीन : पूर, भूकंप आणि दरडी यांसाठी कलम ८ खालील परवानगीचा नमुना आधीच ठरलेला असावा. फ्रान्स आणि जर्मनी यांना १९१३मध्ये जे पत्रांवर जमले, ते आपल्याला मित्रशेजाऱ्यांशी जमू नये?

२९/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण मित्रांना शेवटचे सांगणे. ‘व्हीटी’ पुसण्याच्या मागणीत रागाला जागा आहे, अभ्यासाला नाही. वॉशिंग्टनच्या परिषदेत वाटलेली अक्षरे कोणाची गुलामी सांगत नाहीत. ती सांगतात की या यंत्राचा जाब भारत देईल. असा जाब देण्याची तयारी हीच स्वतंत्र राष्ट्राची खूण. १९३२च्या कराची–जुहू मार्गावर आज आंतरराष्ट्रीय सीमा आहे. त्या दिवशी ती नसतानाही विमानावर चिन्ह होते. आज सीमा आहे आणि ड्रोनवर चिन्ह नाही.

३०/
तेव्हा पुढच्या वेळी तो संदेश तुमच्यापर्यंत आला, तर पाठवणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : ऑस्ट्रेलियाच्या ‘व्हीएच’चा विस्तार काय? आणि तुमच्या ड्रोनवर कोणत्या देशाचे नाव आहे? पहिल्या प्रश्नाने अफवा संपेल. दुसऱ्याने खरी चर्चा सुरू होईल. आक्षेप असतील तर तारखा आणि कलमे घेऊन या. त्यांचे स्वागत आहे.

धागा समाप्त.